पायाखालचा गॅस

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन शहरात बिऱ्हाड थाटले, की पहिला धडा मिळतो तो हा: दरमहा भरतो ते बिल नव्हे, तो नुसता अदमास! खरा हिशेब वर्षाकाठी. जास्त भरले असेल तर परत मिळते. कमी भरले असेल तर फरक एकदम भरा. म्हणून मी दर रविवारी मीटर पाहून वहीत आकडे टिपतो.

पाण्याच्या बिलाची मला चिंता नसते. पण सांडपाणी शुद्ध करण्याचा कर निराळा. एकट्या माणसाला एक हिस्सा. दोघे असोत की सहा, घराला तीन हिस्से. म्हणजे दोन एकट्यांचे मिळून दोन, आणि लग्न लागले की तीन!

खरी धास्ती गॅसची. स्वयंपाकाला तो लागतो थोडा, हिवाळ्यात घर उबदार ठेवायला फार. २०२२ साली भाव भडकले, तेव्हा सरकारने २०२३ पुरती मर्यादा घातली: घनमीटरला १ युरो ४५ सेंट, तेही पहिल्या १२०० घनमीटरपर्यंतच.

आणि दैवगती पाहा! शहराजवळच स्लोख्तरेनला १९५९ साली गॅसचा प्रचंड साठा सापडला होता. उपशाने पुढे जमीन हादरू लागली, आसपासच्या खेड्यांत भिंतींना तडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला. तडे गेलेल्या घरांनाही गॅस विकतच घ्यावा लागला. माझ्या वहीत युरोचे आकडे आहेत. त्या भिंतींचा खर्च मात्र कोणत्याच मीटरवर उमटत नाही.