नासणारा पुरावा

ठाण्याच्या खाडीकाठी कोलशेत आहे. समजा, तेथील एका गोदामात बर्फ वितळून गेलेले बांगड्यांचे खोके पडून आहेत आणि अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आला. तो काय करील?

नुसत्या नाकावर विसंबून भागत नाही. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल पुष्कळ असते. मासा उबेत राहिला की काही जीवाणू त्यापासून हिस्टामीन बनवतात. तळल्यावर जीवाणू मरतात, हिस्टामीन मात्र तसेच राहते. मग खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. आणि माशाला वास आलेलाच असेल असे नाही! तेव्हा प्रयोगशाळा हवी.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. चोरीचा हंडा पोलिसांनी कपाटात ठेवला, तर वर्षानेही तो हंडाच राहतो. अन्नाचे तसे नाही. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जीवाणू आठ तासांत किती होईल, वहीत मांडून पाहा बरे. उत्तर दीड कोटीच्या वर जाते. "माल चांगला होता, तुमच्याकडे नासला," असे व्यापारी म्हणाला तर?

१९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात नमुन्याचे तीन भाग करीत. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला; त्यात चार करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा, व्यापाऱ्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन्ही अहवाल जुळले नाहीत, तर राखलेला भाग वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. दुधाच्या नमुन्यात नासणे थांबवण्यासाठी फॉर्मेलिनचे थेंब टाकतात. गंमत पाहा, विक्रीच्या माशाला तेच लावायला मनाई आहे! जीवाणू मोजायचे असतील तर मात्र फॉर्मेलिन चालत नाही. मोजायचे तेच मरतील. तेथे थंडावाच हवा.

उरलेल्या खोक्यांचे काय? नाशवंत माल खाण्यालायक उरला नाही अशी खात्री झाली, तर कलम ३८ प्रमाणे लेखी नोटीस देऊन अधिकारी तो नष्ट करवू शकतो. नष्ट केलेला माल परत आणता येत नाही, म्हणून हा अधिकार फार मोठा. विनाकारण, छळण्यासाठी जप्ती केली, तर कलम ३९ खाली अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

जून २०२५ च्या आरंभी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावीतील झेप्टोच्या गोदामाचा परवाना निलंबित केला. तेथे काही पदार्थांवर बुरशी आढळली होती. ती डोळ्यांना दिसली. पण तपासणीत आणखी एक दोष नोंदला होता: शीतगृहाचे तापमान नेमलेल्या मर्यादेत नव्हते. आमच्या मते ही नोंद बुरशीइतकीच मोलाची, कारण ती नासत नाही.