नवे कपाट, जुने कपाट

आमच्या कॉलेजातले एक शिपाईकाका करंजाला राहतात. गेल्या वर्षी वैशाखात त्यांच्या मुलीचे लग्न झाले आणि ती केगावला सासरी गेली. संसार मांडून द्यायचा म्हणून काकांनी भांडीकुंडी घेतली, मिक्सर घेतला आणि तीन दारांचे एक मोठे कपाट घेतले. कपाट दिसायला फार झोकदार. सागवानी रंग, मधल्या दाराला उभा आरसा, आत चोरकप्पा. किंमत 18,000 रुपये, तीही 18 हप्त्यांनी फेडायची. व्याज धरून हप्ता अकराशेच्या वर जाई. पुढे पाऊस लागला. श्रावणात कपाटाची दारे घासू लागली. भाद्रपदात गणपतीच्या निमित्ताने मी केगावला गेलो, तेव्हा कपाटाचा तळ भिजलेल्या पावासारखा फुगला होता. बिजागरीचे स्क्रू भुसा घेऊन बाहेर आले होते आणि मधले दार सुतळीने बांधून ठेवलेले होते. मुलीच्या सासूबाई म्हणाल्या, "सर, ह्या लाकडानं पानी पिलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मुलगी खाली मान घालून आत निघून गेली. माहेरचे कपाट होते ना ते! आणि हप्ते अजून चौदा राहिले होते.

आता मंडळी, त्या कपाटाने पाणी प्यायले हे खरे, पण ते लाकूड मात्र नव्हते. लाकडाचा भुगा आणि बारीक ढलप्या डिंकात कालवतात, गरम दाबाखाली त्यांची फळी करतात आणि वर लाकडाच्या चित्राचा कागद चिकटवतात. याला पार्टिकल बोर्ड म्हणतात. घरात वापरायच्या साध्या बोर्डाला बहुधा युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेला डिंक असतो. तो कोरड्या खोलीत चांगला टिकतो, पण ओल लागली की सुटू लागतो. दाबून बसवलेल्या ढलप्या पाणी शोषून फुगतात आणि उन्हात वाळल्या तरी पूर्ववत होत नाहीत. एकदा फुगलेल्या फळीत स्क्रू पुन्हा धरत नाही. म्हणून सुतारालाही तिथे करण्यासारखे काही उरत नाही. सागाची गोष्ट वेगळी. सागाच्या लाकडात निसर्गतःच तेल असते, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्ही त्याला बेताने शिवतात. बिजागरी ढिली झाली तर भोकात लाकडाची खुंटी ठोकून स्क्रू पुन्हा बसवता येतो.

नवेच घ्यायचे असेल आणि साग परवडत नसेल, तर प्लायवूड पाहावे. पण त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नये. आयएस 303 हा साध्या प्लायवूडचा क्रमांक आहे आणि आयएस 710 हा मरीन प्लायवूडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही ज्याचे थर सुटू नयेत अशा प्लायचा. मरीन प्ले महाग असते. तरी सगळे कपाट त्याचे न करता निदान तळ आणि पाय त्याचे करून घेता येतात.

ही तपासणी आपल्याकडे अधिकच का करावी लागते? उरणला तिन्ही बाजूंनी खाड्या आणि समुद्र. मिठागरे तर आपण लहानपणापासून पाहत आलो. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि मीठ हवेतली ओल ओढून धरते. पुण्यात दहा वर्षे टिकणारी वस्तू इथे चार वर्षांत राम म्हणते, त्याचे कारण हेच. स्टीलची भांडी पाहा. स्टील गंजत नाही असे आपण धरून चालतो. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाला हवेपासून वाचवतो. जुन्या, चांगल्या भांड्यांत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. यालाच व्यवहारात 304 म्हणतात. निकेल महाग, म्हणून स्वस्त भांड्यांत ते कमी करून त्याऐवजी मँगनीज घालतात. ही 200 च्या मालिकेतली स्टीले. दोन्ही दिसायला सारखीच चकचकीत. पण मिठाने तो पापुद्रा जागोजाग फुटतो आणि स्वस्त भांड्यावर तांबूस ठिपके उठतात. पुष्कळ लोक लोहचुंबक लावून परीक्षा करतात. ती परीक्षा इथे फसवी ठरते, कारण या दोन्ही प्रकारांना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. घरातले जुने आणि बाजारातले स्वस्त असे दोन चमचे एक खिळा घालून मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात आठ दिवस गुंडाळून ठेवावेत. कोणता चमचा किती टिकला, हे मुले स्वतःच सांगतील.

मिक्सर आणि पंखे यांच्या मोटारींचीही तीच कथा. पूर्वी तांब्याच्या तारेची वाइंडिंग असे, स्वस्त मालात ती अॅल्युमिनियमची असते. अॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे 60 टक्केच वीज वाहून नेते. त्याचे सांधे डाग देऊन जोडायला अवघड, आणि खाऱ्या हवेत ते लवकर खराब होतात. त्यातून झाकण स्क्रूने न बसवता कायमचे चिकटवलेले असले, तर वाइंडिंगवाला तरी काय करणार? लोखंडी कपाटाच्या पत्र्याबद्दल एवढेच सांगतो की गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 20 गेजचा पत्रा सुमारे 0.9 मिलिमीटर असतो, 24 गेजचा जेमतेम 0.55. दुकानदार "चोवीस गेज, साहेब" असे मोठ्या ऐटीत सांगतो, तेव्हा हसू दाबावे लागते.

माल मुद्दाम कच्चा करतात काय, असा प्रश्न मला वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतोच. एक उदाहरण तर इतिहासात नोंदलेले आहे. 1924 साली जिनिव्हा येथे जगातल्या मोठ्या बल्ब कारखानदारांनी एकत्र येऊन फीबस नावाची संघटना केली. बल्ब 1,000 तासांपेक्षा जास्त जळू नये असे त्यांनी ठरवले आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड लावला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही संघटना मोडली. पण म्हणून प्रत्येक वाईट वस्तूमागे कट असतो असे मला वाटत नाही. माझ्या वडिलांनी 1978 साली छताचा पंखा घेतला, तेव्हा महिन्याचा अर्ध्याहून अधिक पगार त्यात गेला, असे आई सांगते. आज तसा पंखा दोन-तीन दिवसांच्या मजुरीत येतो. स्वस्त हवे ही मागणी आपलीच, आणि किंमत उतरली की पहिला कात्री लागते ती पत्र्याला, तांब्याला आणि निकेलला. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. आजीचे तांब्याचे घंगाळ पाहून आपण म्हणतो, जुने ते किती भक्कम! पण जुन्यातले जे फुसके होते ते केव्हाच भंगारात गेले. आपल्या डोळ्यांपुढे आहे ते टिकलेले तेवढेच.

आणि नेमका याच गोष्टीचा गिऱ्हाइकाला फायदा घेता येतो. वीस पावसाळे काढलेले कपाट एकविसावाही काढील असा भरवसा धरता येतो. नव्या कपाटाविषयी दुकानदाराच्या शब्दापलीकडे आपल्या हाती काहीच नसते. असे असूनही "दुसऱ्याचं वापरलेलं" घरात, त्यातून लग्नात, आणायला आपण लाजतो. खरे म्हणजे आपल्या आयाबहिणींनी बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतली, मोडीत पितळ घालून नवे घेतले, सोने तर किती घरांतून फिरून आपल्या अंगावर येते ते देवालाच ठाऊक. लाज नेमकी कपाटापाशीच का आडवी यावी?

मुंबईत जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानेच्या दुकाने आहेत. भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार सर्वांना ऐकून ठाऊक असतात. शिवाय मुंबईत जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. घर रिकामे करणाऱ्यांना बापजाद्यांचे सागवानी कपाट नव्या खोलीत मावत नाही, म्हणून ते मिळेल त्या भावात देऊन टाकतात. पूर्वी असे सामान इकडे आणायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने नाहीतर पनवेलचा वळसा घेऊन. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून टेंपो थेट चिर्ल्याला उतरतो. टोल मात्र भारी आहे. तेव्हा दोघातिघांनी मिळून एकच फेरी करावी.

जुने कपाट घेताना समोरून पाहू नये, मागून पाहावे. पाठ आणि तळ यांवर रंगाची लपवाछपवी सहसा नसते. ड्रॉवर बाहेर काढून उलटा करावा. वाळवीची माती किंवा पिठासारखा ताजा भुसा दिसला की नमस्कार करून निघावे. कोपऱ्यात नखाने जरा खरवडले, तर आत लाकूड आहे की कागद ते कळते. लोखंडी कपाट असेल तर तळपत्रा अंगठ्याने दाबून पाहावा. वरवरचा गंज घासून रंगवता येतो, पण पत्रा आत गेला तर ते कपाट भंगाराच्याच मोलाचे. कुलपाच्या किल्ल्या तिथेच चालवून पाहाव्यात. विकणाऱ्याकडून नाव, पत्ता आणि सही असलेली पावती घ्यावी. चोरीचा माल आहे हे जाणून घेणे हा गुन्हा आहे, आणि पावती नसली की आपली बाजू लंगडी पडते.

जुने सगळेच घ्यावे असे मात्र नाही. प्रेशर कुकर जुना घेऊ नये. त्याचा व्हॉल्व्ह आणि रबर किती दमले आहेत ते बाहेरून दिसत नाही. नवा घेताना आयएसआय शिक्का पाहावा, 2021 पासून तो कुकरवर सक्तीचा आहे. गॅसची नळी आणि रेग्युलेटर, हेल्मेट, विजेची इस्त्री यांनाही तोच नियम. जुना फ्रिज विजेच्या बिलात आपली किंमत वसूल करतो. पंख्याविषयी माझे मन अजून दोन्हीकडे आहे. वडिलांचा पंखा आजही फिरतो, पण तो 75 वॉट खातो. हल्लीचा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज दहा तासांप्रमाणे महिन्याला साडेतेरा युनिटांचा फरक पडतो. तांब्या-पितळेची जुनी भांडी जरूर घ्यावीत, पण त्यांना शुद्ध कथलाची कल्हई करून घ्यावी. शिसे मिसळलेली कल्हई पोटात विष घालते.

काकांना मी सांगितले, की नव्या कपाटाची पावती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 या क्रमांकावर फोन करा. तिथे निभावले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पडत नाही. काका म्हणाले, "सर, पावती हाय, पन तीवर निसतं 'कपाट एक नग' लिवलंय." कशाचे कपाट ते लिहिलेलेच नव्हते. तुम्ही पावती घ्याल तेव्हा "सागवान", "आयएस 710", "304", "तांब्याची वाइंडिंग" हे शब्द दुकानदाराच्या हातूनच तीवर लिहून घ्या. पुष्कळदा तिथेच तो माल बदलून देतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघे मुंबईला जाऊन एक जुने सागवानी कपाट पाहून आलो. 6,500 ला ठरले, टेंपो आणि टोल वेगळा. केगावच्या मिस्त्रींनी एक पाय बदलला, दोन दिवस पॉलिश घासले. फुगलेल्या कपाटाचा आरसा तेवढा चांगला निघाला, तो त्यांनी जुन्याच्या दारावर बसवून दिला. फुगलेल्या कपाटाचे हप्ते येत्या कार्तिकात संपतील.