कॉलेज पुण्याचंच हवं का?

बारावीचा निकाल लागला की कोपरगावपासून जामखेडपर्यंत घरोघरी एकच बोलणं सुरू होतं: ‘शिकायचं तर पुण्यात, नगरच्या डिग्रीला कोण विचारतं?’ पण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. संगमनेरचं अमृतवाहिनी किंवा लोणीचं प्रवरा इंजिनिअरिंग घ्या, पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं असतं. कोपरगावचं संजीवनी इंजिनिअरिंग कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती. पदवी मात्र विद्यापीठाचीच. पुण्यात कंपन्या जवळ, इंटर्नशिप मिळणं सोपं, हे खरं. पण बेताच्या कॉलेजसाठी चार वर्षं खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरण्यात शहाणपण नाही.

‘नॅकची ग्रेड चांगली आहे, मग काळजी नाही.’ नॅक मूल्यमापन करतं ते अख्ख्या कॉलेजचं. तुमच्या मुलाची ब्रँच कशी आहे हे एनबीएच्या मानांकनावरून कळतं, कारण ते ब्रँचनिहाय आणि ठरावीक मुदतीपुरतं असतं. मुदत संपली आहे का, हे जरूर पाहा.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती पॅकेजच्या आकड्यांनी. फलकावर झळकतं ते एका विद्यार्थ्याचं सर्वोच्च पॅकेज. सरासरीवरही विसंबू नका. समजा, चौघांना ३ लाख आणि एकाला १३ लाख मिळाले, तर सरासरी ५ लाख निघते. प्रत्यक्षात तेवढा पगार एकालाही नाही. म्हणून कॉलेजला थेट विचारा: याच ब्रँचमधून गेल्या वर्षी किती मुलं बाहेर पडली, त्यांतल्या कितींना नोकरी लागली, आणि पगाराच्या क्रमाने यादी लावली तर मधल्या मुलाचा पगार किती? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर ते कॉलेज यादीतून काढा.

‘डिप्लोमा केला की वर्षं वाया जातात’ हेही चूक. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी करून इंजिनिअरिंगला गेलं तरी सहाच.

आणि मुलीला ‘खर्च झेपणार नाही’ म्हणून घरी बसवू नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. तेव्हा घाईने कोट्यात पैसे भरू नका, आणि उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रात आजच अर्ज करा.