घंगाळातील हिरवळ

'जुने ते सोने' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मोडीच्या तराजूत पडलेल्या जुन्या पितळी भांड्याचे मोल केवळ वजनावर ठरते. त्यावर कोरलेले नाव, कारागिराने घातलेले ठोके आणि ते भांडे वापरणाऱ्या हातांची आठवण यांना तेथे किंमत नसते. म्हणून असे भांडे मोडीत घालण्यापूर्वी त्याचा दुसरा काही उपयोग होईल का, हे पाहायला हवे.

जबलपूर शहरातील गोरखपूर या भागाचे उदाहरण घेऊ. 1817 पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व जबलपूर एकाच राज्यकारभाराखाली राहिले. नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. गोरखपुरालगतच्या हाऊबाग स्थानकातून सातपुडा ओलांडून गोंदियाकडे जाणारी 'छोटी लाइन' 2015 पर्यंत चालू होती. गोंदियाच्या पलीकडचा भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध. माहेरची कळशी, लग्नातले घंगाळ, पाणी तापवण्याचा बंब अशा वस्तू संसाराबरोबर गावोगाव हिंडल्या. स्टेनलेस स्टील आले, गिझर आले आणि ही भांडी माळ्यावर गेली.

आता या भांड्यांत झाडे लावून घर सजवण्याची आवड वाढत आहे. रुंद तोंडाचे, दोन कड्यांचे घंगाळ यासाठी उत्तम. हंडा, तपेले आणि खोलगट पातेलेही चालते. मात्र हे करताना धातूचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ओलसर माती आणि त्यातील क्षार यांच्याशी सतत संबंध आला की पितळेवर हिरवट कळंक चढतो. काही खतांतून अमोनिया निर्माण होतो. त्यामुळे पितळेला तडेही जाऊ शकतात. मातीत उतरलेले तांबे अधिक झाले तर ते मुळांना अपायकारक ठरते. शिवाय भांड्याला खाली छिद्र नसल्याने पाणी साचते आणि मुळे कुजतात. यावर उपाय म्हणून काही जण भांड्यालाच भोक पाडतात. असे मुळीच करू नये. एकदा पाडलेले भोक पूर्ववत बुजत नाही.

सोपा मार्ग असा : रोप छिद्र असलेल्या लहान कुंडीत लावावे आणि ती कुंडी पितळी भांड्यात ठेवावी. भांड्याच्या तळाशी एक बशी उपडी घालावी, म्हणजे कुंडी पाण्यात बुडून राहणार नाही. पाणी घालताना कुंडी बाहेर काढावी आणि पाणी पूर्ण निथळल्यावरच ती आत ठेवावी. भांड्यात पाणी साचू दिले तर डासांची पैदास होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी भांडे पुसून कोरडे करावे. घरातल्या सावलीत मनीप्लांट चांगला वाढतो. तुळशीला मात्र भरपूर ऊन लागते आणि जबलपूरच्या उन्हाळ्यात उन्हात ठेवलेले पितळ फार तापते. म्हणून तिची जागा मातीच्या वृंदावनातच बरी.

भांडे उजळवण्यासाठी चिंच किंवा लिंबू-मीठ पुरेसे असते. घासल्यावर ते लगेच स्वच्छ धुवावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. आंबट अंश राहिला तर पुन्हा डाग पडतात. कोरलेली अक्षरे असतील तेथे खरखरीत घासणी वापरू नये. काळाने आलेली तपकिरी झाक काढायलाच हवी असेही नाही. तीही त्या भांड्याच्या वयाची खूण असते.

अशा घंगाळाच्या कडेवर आजीचे नाव कोरलेले असेल, तर घरातले मूल एक दिवस विचारील, 'हे नाव कोणाचे?' मग ती कोणत्या गावाहून आली, या परप्रांतात तिने संसार कसा उभा केला, हे सांगावे लागेल आणि तेही आपल्या भाषेत. मोडीतून आलेले पैसे दोन दिवसांत संपतात. हा प्रश्न मात्र भांडे घरात असेल तरच विचारला जातो. घराची शोभा वाढते ती केवळ पितळेच्या झळाळीने नव्हे, तर अशा संवादाने.