मेजावरची वनराई

चित्रकलेची साधने महाग, म्हणून ती कला आपणांस साध्य नाही, असे म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. त्यांच्याकरिता टॉमस गेन्सबरो (१७२७–१७८८) ह्या विख्यात इंग्रज चित्रकाराची एक रीत आम्ही येथे सांगतो.

गेन्सबरोचा जन्म सफोक परगण्यातील सडबरी ह्या गावी झाला. धनिकांच्या तसबिरी काढून तो उदरनिर्वाह करी. परंतु त्याचे खरे प्रेम रानावनांच्या देखाव्यांवर होते. पुढे शहरात राहावे लागले, तेव्हा तो आपल्या मेजावरच लहानसा देखावा रची. त्याच्या समकालीनांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. कोळशाचे अथवा बुचाचे तुकडे म्हणजे जवळचे खडक. वाळू व चिकणमाती म्हणजे मधली जमीन. शेवाळ म्हणजे झुडपे. आणि फुलकोबीच्या जातीची ब्रोकोली ही भाजी म्हणजे दूरची वनराई! आरशाचा तुकडा मांडला की जलाशय झाला.

त्याची हत्यारेही घरातलीच असत. काडीस बांधलेल्या स्पंजाने तो छाया भरी व साखरेच्या चिमट्यात धरलेल्या पांढऱ्या खड्याने प्रकाश दाखवी. हा पांढरा रंग पुसून जाऊ नये म्हणून चित्र साय काढलेल्या दुधात बुडवावे, असे त्याने १७७३ साली एका मित्रास कळविले. दुधातील केसीन हे द्रव्य वाळल्यावर डिंकासारखे चिकटून बसते, हे त्याचे कारण होय.

मग ही रीत सर्वांनी उचलावी काय? रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्झ ह्याने, गेन्सबरोच्या मृत्यूनंतर १७८८ साली विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात, ह्या देखाव्यांचा उल्लेख केला; पण अशा युक्तीने नवशिका वाट चुकेल, अशी शंकाही दर्शविली. ती शंका आम्हांस यथार्थ वाटते. ज्याने खडक न्याहाळला नाही, त्यास कोळशात कोळसाच दिसणार! गेन्सबरोने बाळपणीच सडबरीच्या आसपासची झाडे व पायवाटा रेखाटल्या होत्या. कोळशाने त्यास केवळ छायाप्रकाश पुरविला; खडक त्याच्या स्मरणातला होता.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम गावाबाहेरची टेकडी नीट पाहावी. नंतर रात्री कोळसा दिव्यापुढे ठेवावा, दिवा डावीउजवीकडे सरकवावा आणि छाया कशी पालटते ते कागदावर उतरवावे. पालकांस आमची विनंती एवढीच, की मेजावरील त्या पसाऱ्यास त्यांनी घटकाभर केर समजू नये.