थंड पाण्यातील पाणबुड्याचा पोशाख : ओला की कोरडा?

जोयडा तालुक्यातील डिग्गी गावाच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. याच नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे आहे. १९८७ साली ते पूर्ण झाले. पूर्वी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सुपा गाव या जलाशयाच्या उदरात विसावले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. जुन्या पिढीतील अनेकांना ते गाव आजही स्मरते.

एवढ्या खोल पाण्यापाशी राहणाऱ्या समाजास पाणबुड्याची गरज केव्हा ना केव्हा भासतेच. कोठे धरणाच्या पाण्याखालील दारांची वा जाळ्यांची पाहणी करावयाची असते, कोठे नाव उलटून बुडालेल्या माणसाचा शोध घ्यावयाचा असतो. अशा वेळी पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर कोणता पोशाख असावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याच्या प्राणांशी निगडित आहे. या पोशाखाचे मुख्य प्रकार दोन : ‘वेटसूट’ म्हणजे ओला पोशाख आणि ‘ड्रायसूट’ म्हणजे कोरडा पोशाख. त्यांतील भेद समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्ण प्रदेशात थंडी कशाची?

“आपला मुलूख उष्ण, येथे थंड पाण्याची भीती कसली?” असे कोणी सहज विचारील. परंतु हा समज खरा नाही. मानवी शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे २५ अंशांच्या हवेत आपण सुखाने बसतो. मात्र त्याच तापमानाच्या पाण्यात तासभर स्थिर राहिलो तर दात वाजू लागतात.

शिवाय खोल जलाशयातील पाणी सर्वत्र सारखे तापलेले नसते. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो व वरच राहतो. खालचे जड, गार पाणी तळाशी पडून असते. या दोहोंमधील सीमा इतकी स्पष्ट असते की, खाली जाणाऱ्या पाणबुड्यास एका हाताच्या अंतरात गारव्याचा फटका बसतो. म्हणून काठावर पाय बुडवून पाण्याची परीक्षा करणे व्यर्थ होय.

अंगातील उष्णता घटू लागली की प्रथम बोटे बधिर होतात, गाठ सुटत नाही, झडप फिरत नाही. त्यानंतर विचारशक्ती मंदावते. अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली उतरले की त्या अवस्थेस शीतबाधा म्हणतात. पाण्याखाली असलेल्या माणसाने एक साधा निर्णय चुकविला तरी तो जिवावर बेततो.

घोंगडी आणि इरले

या दोन पोशाखांचे तत्त्व आपल्या शेतकऱ्यास नवे नाही. पावसात लावणी करणारा शेतकरी घोंगडी पांघरतो. ती भिजते, पण लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. दुसरा डोक्यावर इरले घेतो. इरले पाणी अंगापर्यंत येऊच देत नाही. आतील कोरडे कपडे ऊब राखतात. वेटसूट ही पाण्याखालची घोंगडी, तर ड्रायसूट हे पाण्याखालचे इरले असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. पोशाख अंगास घट्ट बसतो. आत थोडे पाणी शिरते व शरीराच्या उष्णतेने कोमट होते. मात्र खरी ऊब त्या पाण्याची नसून रबरातील बुडबुड्यांची असते. हे मर्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास ओळखले. अंग कोरडे ठेवण्याचा अट्टहास न करताही ते उबदार ठेवता येते, हा त्यांचा विचार. पोशाख सैल असेल तर मात्र गार पाणी सतत आत-बाहेर खेळते आणि सारा लाभ वाया जातो.

ड्रायसूटची कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन कारागीर ऑगस्टस सीब यांनी १८३७ च्या सुमारास शिरस्त्राणास जोडलेला जलाभेद्य पोशाख सिद्ध केला; त्याच्या आत पाणबुडे लोकरीचे कपडे घालीत. आजच्या ड्रायसूटला मान व मनगटापाशी रबराच्या घट्ट पट्ट्या आणि पाणी न शिरणारी साखळी असते. पोशाखात हवा भरण्यासाठी एक व सोडण्यासाठी एक अशा दोन झडपा असतात. आत उबदार अंतर्वस्त्र घालावेच लागते, कारण पातळ कापडाच्या ड्रायसूटला स्वतःची ऊब जवळजवळ नसते.

खोलीचा परिणाम

येथे शाळेत शिकविला जाणारा बॉइलचा नियम उपयोगी पडतो. पाण्याखाली दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून वायूचे आकारमान निम्मे होते. तीस मीटरवर ते चौथ्या हिश्श्यावर येते. वेटसूटमधील बुडबुडेही असेच आक्रसतात. परिणामी जेथे पाणी सर्वांत गार, तेथेच हा पोशाख सर्वांत पातळ होतो. ड्रायसूटमध्ये मात्र खाली जाताना झडपेतून हवा भरून थर पूर्ववत राखता येतो. खोल व दीर्घ कामासाठी ड्रायसूट श्रेष्ठ ठरतो, त्याचे हे प्रमुख कारण होय.

परंतु हाच गुण निष्काळजी माणसास घातक ठरू शकतो. वर येताना आतील हवा फुगते. ती वेळीच सोडली नाही, अथवा पाय वर होऊन हवा पायांकडे धावली, तर पाणबुड्या अनावर वेगाने वर फेकला जातो. अशा वेळी फुप्फुसास इजा होण्याचा व रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून स्वतंत्र प्रशिक्षणाखेरीज ड्रायसूट कोणीही वापरू नये.

निवड कशी करावी?

पहिला विचार तापमानाचा. काठावरचे नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या खोलीवरील तापमान मोजावे. दोरीस किमान तापमापक बांधून तो दर पाच मीटरला सोडला तरी पुरेशी कल्पना येते. २४ अंशांवर सामान्यतः ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट पुरतो. १८ ते २४ अंशांत ५ मिलिमीटरचा. त्याखाली ७ मिलिमीटरचा, डोक्यावरील टोपी व हातमोज्यांसह. पाणी १२-१५ अंशांखाली गेले की ड्रायसूटचा विचार करावा, आणि दहा अंशांखाली तो जवळजवळ अनिवार्य मानावा.

दुसरा विचार वेळेचा व श्रमाचा. पोहणारा माणूस उष्णता निर्माण करतो. एका जागी राहून पाहणी करणारा लवकर गारठतो. एकाच दिवशी वारंवार बुड्या मारावयाच्या असतील तर जाड पोशाख घ्यावा.

तिसरा विचार पाण्याच्या स्वच्छतेचा. सांडपाणी वा कुजके द्रव्य मिसळलेल्या पाण्यात शोधकार्य करावयाचे असेल, तर तापमान कितीही असो, संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या मुखवट्यासह ड्रायसूटच योग्य.

चौथा विचार खर्चाचा व देखभालीचा. ड्रायसूटची किंमत वेटसूटच्या कित्येक पट असते. त्याच्या साखळीस नियमित मेण लावावे लागते, मानेची पट्टी उन्हात चिरते. वेटसूट थोडा फाटला तरी काम देतो. ड्रायसूट फाटला तर आत गार पाणी भरते. शिवाय एप्रिलच्या उन्हात लोकरी अंतर्वस्त्रासह ड्रायसूट चढवून काठावर ताटकळणारा माणूस पाण्यात उतरण्याआधीच उष्माघाताने आडवा होईल. खरेदीचा प्रस्ताव तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी म्हणूनच केवळ महाग ते उत्तम असे मानू नये. तसेच, प्रत्येक जवानाच्या मापाचा पोशाख न घेता एकाच मापाचे सर्व पोशाख घेणे हाही पैशाचा अपव्ययच होय.

उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते पाहिले तर मुर्डेश्वरजवळील नेत्राणी बेटापाशी समुद्राचे पाणी बहुधा २६ ते ३० अंश असते. तेथे पातळ वेटसूट पुरे. जलाशयातील खोल व प्रदीर्घ कामास मात्र जाड वेटसूट अथवा प्रशिक्षित हाती ड्रायसूट हवा. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. सुपा जलाशयाची पूर्ण भरावाची पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असल्याने समुद्रासाठी केलेली बुडीची वेळापत्रके जशीच्या तशी लागू पडत नाहीत. कारवारच्या समुद्रात सुरक्षित असलेली बुडी येथे सुरक्षित असेलच असे नाही.

ग्रामस्थ व शिक्षकांस विनंती

कोणी बुडाल्याची हाक येताच गावातील पट्टीचा पोहणारा पाण्यात झेपावतो. त्याच्या धैर्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु अकस्मात गार पाण्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो आणि उत्तम पोहणाराही बुडतो. म्हणून प्रथम दोरी, बांबू अथवा फुगविलेली ट्यूब फेकावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. गारठलेल्या माणसास बाहेर काढल्यावर आडवे निजवावे, ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. शुद्धीवर असल्यास गोड कोमट पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत व दारू तर मुळीच देऊ नये, कारण तिने अंगातील उष्णता अधिकच निघून जाते.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. तीन सारख्या बाटल्यांत कोमट पाणी भरावे. एक उघडी, दुसरी रबरी स्पंजात घट्ट गुंडाळलेली, तिसरी कोरड्या लोकरीत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, अशा तिन्ही गार पाण्याच्या बादलीत ठेवून दर पाच मिनिटांनी आतील तापमान लिहावे. ओला व कोरडा पोशाख यांतील भेद विद्यार्थ्यांस पुस्तकाविना उमगेल.

पोशाख कोणताही असो, तो ऊब देतो. कौशल्य देत नाही. काळीच्या पाण्यात उतरणारा प्रत्येक जण सुखरूप काठावर परत यावा, यासाठी योग्य पोशाख, योग्य प्रशिक्षण आणि काठावर दोरी धरून उभा असलेला सावध सोबती, या तिन्ही गोष्टी एकत्र असणे अगत्याचे आहे.