दारू सोडावयाची आहे? मग आधी सभेचा पत्ता शोधा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी व खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. पण त्याचा उसाशी संबंध नाही, असे कोणी समजू नये.

मागील साली आम्ही एका सभासदाच्या वावरात पाहणीस गेलो. जमीन काळी, विहिरीला पाणी. परंतु मोठी बांधणी झालेली नाही व त्या वेळचा खताचा हप्ताही पडलेला नाही. खताचा पैसा दारूत गेला होता. मालक घरी निजलेले. त्यांच्या पत्नी बांधावर येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमी ऊस पायता, घरच्या माणसाकडेबी पाहा ना एकदा. पोरीचं कालेज सुटाची पाळी आली."

आमच्यापाशी किडीवर औषध होते, यावर नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर असताना भेटलो. "सोडाची तर हाय, पण सकाळी हात कापतात," ते म्हणाले. बंधूंनो, ही खूण महत्त्वाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून घरात कोंडून दारू सोडविण्याचा प्रयोग कोणी करू नये. आधी डॉक्टर. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

उपचार झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले, "औषधाने कंप थांबला. आता सोबत पाहिजे. ए.ए.ची सभा शोधा."

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात अनामिक मद्यपींची संघटना. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी शेअर दलाल बिल विल्सन व शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांची गाठ पडली. एकमेकांशी मोकळेपणी बोलल्याने दारूपासून दूर राहता येते, हे त्यांना उमगले व त्यातून ही संघटना उभी राहिली. येथे फी नाही, जातपात नाही, पक्ष नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एका परीने ही सहकाराचीच रीत होय. आपल्या राज्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण' केंद्रातही एकमेकांच्या आधारावर असाच भर आहे.

एका कागदावर मिळालेला पत्ता घेऊन आम्ही दोघे मोटारसायकलवर निघालो. पाहतो तो दाराला कुलूप. शेजारच्याने सांगितले, सभा येथून केव्हाच हलली. आमचे सभासद म्हणाले, "जाऊ द्या साहेब, देवाच्याच मनात नाही." आणि त्यांची नजर रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे वळली. खरे सांगतो, उभा ऊस पेटताना पाहावा तसे आम्हांला झाले. त्यांना हाताला धरून चहाच्या टपरीवर नेले, तेथूनच चार ठिकाणी फोन लावले. नवी जागा व नवा वार कळला. पुढच्या आठवड्यात गेलो.

ती सभा खुली होती, म्हणून आम्हांलाही बसता आले. कोण काय बोलले ते लिहिणार नाही. तेथील गोष्ट तेथेच ठेवावयाची असते. एवढेच सांगतो, की कोणी उपदेश केला नाही. ज्याने त्याने आपलेच सांगितले. परतताना आमचे सभासद म्हणाले, "माह्यासारखेच हायेत सारे."

आमच्या अनुभवावरून काही सूचना :

१) जाण्याआधी फोन करून जागा, वार व वेळ विचारून घ्या. जुन्या पत्त्यावर विसंबू नका.

२) सभा खुली की बंद, ते विचारा. बंद सभेत फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांनाच बसता येते.

३) घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. माणूस येवो न येवो, बायकोने जरूर जावे.

४) जवळ सभा नसेल तर मोबाईलवरही सभा भरतात.

५) शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची व १४४१६ ही मानसिक आरोग्याची, अशा दोन मोफत दूरध्वनी सेवा आहेत.

६) पहिली सभा मनाला लागली नाही, तर दुसरी पाहा.

दारूबंदी हवी की नको, हा वाद निराळा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. पण कायदा काहीही असो, ज्याचे हात सकाळी कापतात त्याला आजच आधार पाहिजे.

आमचे सभासद पोळ्याच्या दिवशी एकदा घसरले. पुढच्या सभेला मान खाली घालून गेले. कोणी हाकलले नाही; खुर्ची पुढे केली. तेव्हापासून घेतलेली नाही. "जन्माचं नाही सांगत, आजचा दिवस नाही पेलो," असे ते म्हणतात. या साली बांधणी वेळेवर झाली, मुलगी कॉलेजात जाते.

हे सर्व उभयतांच्या परवानगीने लिहिले आहे. ते कोण, याचा तर्क कृपया कोणी चावडीवर करू नये. आणि कोणाला सोबत हवी असेल, तर गट ऑफिसात आम्हांला एकट्याने भेटावे. कोठेही नोंद होणार नाही. मोटारसायकलवर मागची जागा रिकामीच आहे.